एका ओळीत वीस शेतं

नावावाचून कशालाही राहू द्यायचं नाही असा विडा उचललेला एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि त्या माणसाला आमच्या ऑफिसात आठ वर्षांत कुणी नावाने हाक मारली नाही. उरणहून एसटीने यायचे म्हणून ते 'उरणवाले'. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'टेम्प-४'. टेम्प-१ ते ३ कोण होते, हे मॅनेजर असून मलाही माहीत नव्हतं. करार अकरा महिन्यांचा, मग दोन दिवस घरी, मग नवा करार. सलग नोकरी दिसू नये यासाठी मालकांनी काढलेली ही युक्ती. त्या दोन दिवसांत ओळखपत्र बंद असल्यामुळे ते वर येऊ शकत नसत. पण घरी करमत नाही म्हणून नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीखाली, मिठाईच्या दुकानासमोरच्या सिमेंटच्या बाकावर येऊन बसत. कुणाचं काही अडलं की खिडकीतून ओरडून विचारायचं आणि त्यांनी खालून ओरडून उत्तर द्यायचं. अर्ध्या सेक्टरला आमच्या प्रोग्राममधल्या चुका तोंडपाठ झाल्या होत्या. मालक हे सगळं केबिनमधून ऐकत आणि पंखा वाढवत.

ऑफिसातला प्रिंटर त्यांच्या लेखी 'रडवा' होता. मोठा एसी 'म्हातारबा', कारण तो सुरू होताना आधी खोकायचा. लिफ्टचं नाव 'थांब जरा'. ही थट्टा नव्हती. 'तो प्रिंटर' किंवा 'ते मशीन' म्हटलेलं त्यांना खरोखर सहन होत नसे. फोनवर कुणी "मी बोलतोय" म्हणालं की हे विचारणार, "कोन मी? मी नावाची मानसं लय हायेत. नाव सांगा." एकदा मालकांनाही त्यांनी असंच विचारलं. मालकांनी नाव सांगितलं आणि त्या दिवशी आणखी कुणाशीही बोलले नाहीत. सेक्टर आणि प्लॉटच्या आकड्यांवर तर त्यांचा जातिवंत राग होता. म्हातारबा दुरुस्त करायला येणाऱ्या मेकॅनिकला त्यांनी फोनवर पत्ता सांगितला: करंजाचं झाड होतं तिथून वळा, मग विहिरीच्या अंगाने या. झाड आणि विहीर दोन्ही वीस वर्षांपूर्वीच गेलेली. मेकॅनिक दुपारभर खांदेश्वरच्या बाजूला फिरला आणि आम्ही घाम पुसत बसलो. मी तोडून बोलले तेव्हा म्हणाले, "मॅडम, झाड गेलं म्हनून जागा गेली का?"

अशा माणसाने रुबीत काम करावं ही गंमतच. रुबी ही प्रोग्राम लिहायची एक भाषा. तिच्यात 'क्लास' म्हणजे साचा. एकदा केला की त्यातून हव्या तितक्या वस्तू काढता येतात. पण साच्याला नाव दिलंच पाहिजे अशी सक्ती रुबी करत नाही. बिननावी साचा निमूट काम करतो. त्याचं काही बिघडलं की मात्र तो रिपोर्टात स्वतःची ओळख म्हणून एक लांबलचक आकडा फेकतो, आणि प्रोग्राम बंद करून चालू केला की तो आकडाही बदलतो. आमचं मुख्य काम होतं उरणच्या एका कंटेनर यार्डाचं: कुठल्या ब्लॉकमध्ये कुठली गाडी लावायची, कुठला डबा कशावर चढवायचा. ब्लॉकांची यादी क्लायंटच्या मर्जीनुसार बदलायची, म्हणून प्रोग्राम सुरू होताना प्रत्येक ब्लॉकसाठी एक साचा जागच्या जागी तयार व्हायचा. असे एकवीस साचे, एकवीस बिननावी. सकाळी रिपोर्ट उघडला की आकड्यांची रांग. उरणवाले ती रांग वाचून खरोखर कळवळायचे. "कोन रडतंय तेच कळत नाय. एकवीस पोरं एका घरात, आनि एकालाबी नाव नाय."

मग रुबीच्या नव्या आवृत्तीत सोय आली: बिननावी साच्याला तात्पुरतं नाव देता येतं. अट एवढीच की ते खऱ्या नावासारखं दिसता कामा नये. रुबीत साच्याचं खरं, कायमचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं. आपल्या लिपीत मोठं अक्षरच नाही, त्यामुळे देवनागरी नाव तिथे कायम होऊच शकत नाही, तात्पुरतं मात्र बिनतक्रार चालतं. हे वाचून उरणवाले म्हणाले, "हितंबी तेच." आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी रिपोर्टात आकड्यांच्या जागी 'बांधाखालची', 'उघाडीजवळची', 'धाकली', 'बामणाची', 'जांभळीचं खाचर' अशी नावं आली. मला काम सोपं झालं, म्हणून मी चौकशी केली नाही. चौकशी करावी लागली ती त्यांचे वडील आले तेव्हा.

वडिलांना डोळे दाखवायला पनवेलला आणलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तासभर बसायला सांगितलं, म्हणून हे त्यांना वर घेऊन आले आणि माझ्याच खुर्चीत बसवलं. समोर यार्डाचा नकाशा उघडा होता, ब्लॉकांवर तीच नावं. म्हाताऱ्याने नाक पडद्याला टेकवलं, बोट फिरवलं आणि खेकसला, "ही बामनाची नाय. बामनाची त्या अंगाला. ही धाकली. आनि उघाडी कुठं नेलीस रं?" उरणवाले पाठीशी उभे राहून मुकाट्याने टिपून घेत होते. तेव्हा मला कळलं. यार्ड त्यांच्या गावच्या शेतांवर उभं होतं. खारीची भातशेती, समुद्राचं पाणी अडवायला बांध, पाणी सोडायला उघाडी. प्रत्येक तुकड्याला नाव. जमीन गेली, भराव पडला, आणि हा माणूस त्याच जमिनीवरच्या ब्लॉकांना एकेका शेताचं नाव परत लावत होता. "सातबाऱ्यावर नंबर हाय, मॅडम. नावं काय ती आमच्या तोंडात. बापाला जेवलो का नाय ते आठवत नाय आता. शेतं आठवतात. तीबी किती दिस?" त्या दिवशी डोळ्यांत थेंब घातलेल्या माणसाने आमच्या नकाशात तीन चुका काढल्या. माझ्या पगारी टेस्टरने महिन्यात एकही काढली नव्हती.

त्याच सुमारास मालकांनी एक जागा कायम करायचं ठरवलं. नाव मी सुचवायचं होतं. मी उरणवाल्यांच्या शिफारशीचं पत्र लिहिलं, सही केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्यांना सांगितलंही. त्यांनी गळ्यातलं 'टेम्प-४' हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "यावर आता पुरं नाव येईल ना? बापाच्या नावासकट?"

मी म्हटलं, येईल.

चार दिवसांनी क्लायंटचा फोन आला. "मॅडम, आमच्या यार्डात भूत आहे असं तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय."

झालं होतं असं की एका ब्लॉकमध्ये गाडीची नोंद अडकली आणि यार्डातल्या मोठ्या पडद्यावर संदेश आला: 'भुताचं खाचर: गाडी स्वीकारता येत नाही.' ट्रेलरचे ड्रायव्हर बहुतेक उत्तरेकडचे. खाचर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण भूत सगळ्यांना वाचता आलं. गाडी स्वीकारत नाही म्हटल्यावर तर प्रश्नच मिटला. अकरा ट्रेलर फाटकाबाहेर उभे राहिले. एकाने लिंबू-मिरची आणून पडद्यालाच बांधली.

मी उरणवाल्यांना केबिनमध्ये बोलावलं. "हे भूत कुठून आणलंत?"

"भूत नव्हतंच, मॅडम. उघाडीपाशी खेकडे लय गावायचे. लोक चोरून नेत. म्हनून आज्याने उठवलं, की तिथं भूत हाय. खेकडे वाचले."

"तुमचे खेकडे वाचले, माझा क्लायंट जातोय. सगळी नावं काढा."

"एक काढतो. भुताचं काढतो. बाकीच्यांनी काय केलंय?"

"सगळी. आत्ता. माझ्यासमोर."

मालक दारात उभे होते. मी मुद्दाम आवाज चढवला, हे आज लिहून टाकायला हरकत नाही.

तात्पुरतं नाव काढणं रुबीत फार सोपं आहे. साच्याला नावाच्या जागी 'काही नाही' एवढंच द्यायचं. उरणवाल्यांनी एक ओळ लिहिली, बटण दाबलं आणि वीस नावं गेली. एकविसाव्यावर प्रोग्राम थांबला. पडद्यावर इंग्रजीत आलं की कायमचं नाव बदलता येत नाही. ते शेत म्हणजे 'थोरली', सगळ्यांत मोठं, त्यांच्या स्वतःच्या घरचं. तेवढं एक त्यांनी तात्पुरतं ठेवलंच नव्हतं. इंग्रजी मोठं अक्षर देऊन एका ओळीत कायमचं बांधून टाकलं होतं. रुबीत पहिलं कायमचं नाव चिकटतं. नंतर दुसरं लावा, तिसरं लावा, साचा आपलं पहिलंच सांगतो.

"ही ऱ्हाली," ते म्हणाले. "ही कायम हाय."

"मग जिथे बांधलंय ती ओळच पुसा."

"ती तुमी पुसा." खुर्ची मागे सारून ते उठले. "सरकारला तीन नोटिसा लागल्या होत्या, मॅडम. तुमाला एक ओळ पुरली."

मालकांनी संध्याकाळी विचारलं, कायम करायला कुणाचं नाव देताय? मी म्हटलं, विचार करून सांगते. ड्रॉवरमधलं पत्र फाडलं आणि दुसऱ्या दिवशी एका नीटनेटक्या मुलीचं नाव दिलं. ती आपल्या साच्यांना ब्लॉक एक, ब्लॉक दोन म्हणते. कामात चोख आहे. माझा निर्णय ऑफिसच्या दृष्टीने बरोबर होता, आणि ऑफिसच्या दृष्टीने बरोबर असलेल्या निर्णयांची माझ्याकडे आता मोठी थप्पी जमली आहे. उरणवाल्यांचा करार पुढच्याच महिन्यात संपला. दोन दिवस घरी. तिसऱ्या दिवशी नवा कागद तयार होता. ते आले नाहीत. बाकावरही नाहीत. ओळखपत्र टपालाने आलं. त्यावर 'टेम्प-४' खोडून पेनाने पूर्ण नाव लिहिलं होतं, बापाच्या नावासकट.

ती ओळ मी पुसली नाही. माया वगैरे काही नव्हती; चालू प्रोग्रामला विनाकारण हात लावू नये, एवढंच मी सगळ्यांना सांगितलं. इंग्रजी अक्षरांत असल्यामुळे क्लायंटलाही ते एखाद्या परदेशी कंपनीचं नाव वाटलं असावं. कुणी हरकत घेतली नाही.

गेल्या महिन्यात यार्डात जावं लागलं. पावसाळा सरत आला होता. डोक्यावर हेल्मेट घालून मी सुपरवायझरच्या मागे चालत होते. तेवढ्यात एका ड्रायव्हरने दुसऱ्याला ओरडून सांगितलं, "अरे, थोरली में लगा दे, थोरली खाली है!" दुसऱ्याने मान हलवली आणि ट्रेलर वळवला. मी सुपरवायझरला विचारलं, हे काय म्हणाले? तो म्हणाला, "ब्लॉकचं नाव आहे ना, मॅडम. पहिल्यापासून तेच आहे."

मी बाजूला झाले आणि फोन काढला. दोन वर्षांत केला नव्हता.

"मी बोलतेय," मी म्हटलं.

"कोन मी?"

मी नाव सांगितलं, पूर्ण. मग मी थोडक्यात सांगितलं: यार्डात उभी आहे, इथले ड्रायव्हर थोरली म्हणतात, आत्ताच एक गाडी थोरलीत लागली. वडिलांना सांगा.

"बाप गेला, मॅडम. गणपतीच्या आधी."

सुपरवायझर घड्याळ दाखवत होता.

"गाडी कुठल्या अंगाला लावली?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे."

"काढायला सांगा. थोरलीत डाव्या अंगाला पानी ऱ्हातं."

इथे आता फरशी आहे, खाली कित्येक फूट भराव आहे, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडलं आणि डावीकडे पाहिलं. ट्रेलरची मागची चाकं पाण्यात उभी होती.