दोघी बहिणींचे रक्त आणि देशिंगकर बाई

डॉ. मृणालिनी देशिंगकर यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी सात वर्षांची होते. मिरजेच्या दवाखान्यात त्या माझ्या धाकट्या बहिणीची, सुमनची, नखे उजेडाकडे धरून पाहत होत्या. सुमनला नुकतेच दुसरे वर्ष लागले होते. आटपाडीच्या पुढे, कोरडवाहू मुलखात आमचे गाव. घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखणाऱ्यांचे. सुमन सहा महिन्यांची झाल्यापासून पांढरी पडत चालली होती, पोट वाढत होते. गावचे अंगारेधुपारे झाले, विट्याची औषधे झाली, आणि शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून वडील आम्हा सर्वांना घेऊन मिरजेला आले होते. सुमनला तपासून झाल्यावर बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"हिचंही रक्त घेऊ या," त्या म्हणाल्या.

"हिला काय बी झालं न्हाई, बाई," वडील म्हणाले. "ही तर मेंढरामागं पळती दिसभर."

"तरी घेऊ या."

चार दिवसांनी बाईंनी आईवडिलांना समोर बसवून सांगितले, की दोघी मुलींना एकच आजार आहे, थॅलेसेमिया. रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन या मुलींच्या अंगात नीट तयार होत नाही. वडिलांनी आपल्या मामाची मुलगी केलेली. तो दोष दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा, कोणाला न कळता, चालत आला होता आणि आम्हा दोघींत पूर्ण झाला होता. सुमनला दर महिन्याला रक्त भरावे लागेल, असे त्या म्हणाल्या. आणि माझ्याबद्दल म्हणाल्या, "हिला का त्रास होत नाही, ते मला आज सांगता येत नाही."

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठ्या डॉक्टरांचे आणि प्राध्यापकांचे लेख असतील. त्यांच्या संशोधनाविषयी ते अधिकाराने लिहितील. मी त्यांच्या प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ. पण "मला सांगता येत नाही" असे सात वर्षांच्या मुलीसमोर कबूल करणारा डॉक्टर मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही फारसा पाहिला नाही, म्हणून हा लेख लिहायचे धाडस करते आहे.

पुढची अकरा वर्षे आई दर महिन्याला सुमनला घेऊन एसटीने मिरजेला जात राहिली. शाळेला सुट्टी असली की मीही जात असे. सुमनचे हात बारीक, शिरा सापडायच्या नाहीत. नर्स चारचार ठिकाणी टोचायच्या. एकदा बाईंनी ते पाहिले आणि सुमनला विचारले, "कुठली शीर द्यायची आज, तूच सांग."

सुमनने बराच वेळ विचार केला आणि डाव्या मनगटाकडे बोट केले. "ही द्या. त्या दुसरीला मागल्या बारीला लय दुखलं."

त्या दिवसापासून बाईंनी वॉर्डात शिस्तच घालून दिली, की सुमनला विचारल्याशिवाय सुई लावायची नाही. नव्या आलेल्या एका डॉक्टरांना हा लाड वाटला. बाई त्यांना शांतपणे म्हणाल्या, "आयुष्यात तिला दुसरं काही निवडायला मिळणार नाही. एवढं तरी निवडू द्या." सुमन दाराबाहेर होती. तिने ते ऐकले. परत येताना एसटीत तिने मला विचारले, "मंगल, बाई असं का म्हनाल्या?" मी तिच्या मनगटावरची पट्टी नीट केली. मला उत्तर ठाऊक होते आणि तिलाही ते ठाऊक असावे.

वरून भरलेल्या रक्तातले लोह अंगात साठत जाते आणि शेवटी हृदयावर बसते. ते काढून टाकणारे औषध त्या काळी कधी मिळायचे, कधी महिनोनमहिने मिळायचे नाही. तेराव्या वर्षी, भर उन्हाळ्यात, मिरजेच्याच वॉर्डात दुपारी सुमन गेली. बाई तिथेच होत्या. त्यांनी वडिलांसमोर उभे राहून सांगितले, "मला वाचवता आली नाही तिला." वडिलांनी नुसते हात जोडले. आईने बाईंकडे पाहिलेसुद्धा नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आणि त्या नजरेचा अर्थ मी पुढे कित्येक वर्षे लावत राहिले. एकाच पोटच्या दोघी, एकच आजार. एक खाटेवर निजलेली आणि दुसरी, थोडी फिकट पण धडधाकट, उशाशी उभी.

बारावीनंतर बाईंनीच मला प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासाला घातले आणि पुढे आपल्या हाताखाली घेतले. त्याला आता चोवीस वर्षे होतील. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत बाईंनी जे काम उभे केले ते मी त्यांच्या मागे नमुन्यांची पेटी घेऊन चालत पाहिले. लग्नाआधी मुलामुलींचे रक्त तपासायचे, दोघांतही दोष निघाला तर त्यांना समजावून सांगायचे, एवढेच ते काम. ऐकायला सोपे वाटते. त्याची झळ पहिल्यांदा आमच्याच घराला लागली.

माझ्या मामांनी मला आपल्या मुलासाठी, दत्तासाठी, मागणी घातली होती. आमच्याकडे ती रीतच. मी दत्ताला रक्त तपासायला लावले आणि त्याच्यात अर्धा दोष निघाला. बाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितले, की तुमच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी आहे. लग्न करू नका असे त्या म्हणाल्या नाहीत. नकार मी दिला. दुसऱ्या दिवशी मामा मिरजेत येऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले.

"आवं बाई, आमच्या आज्यापंज्यानं हेच केलं. तुमच्या एका कागदानं सोयरीक मोडायची, व्हय?"

"सोयरीक मी मोडत नाही," बाई म्हणाल्या. "रक्तात काय आहे ते सांगते. ठरवायचं तुम्ही."

"सांगता कशापायी मंग? न्हाई सांगितलं तर काय बिघडतंया?"

बाई म्हणाल्या, "सुमनच्या आईला विचारा."

मामा तोंड फिरवून गेले. त्यानंतर आमच्या भागात बोलवा झाली, की मिरजेची डाक्टरीण लग्ने मोडते. जतकडे, म्हसवडकडे, पार पाटणच्या डोंगरातल्या वाड्यांवर आम्ही शिबिरे घेतली, त्यांतली कित्येक रिकामी गेली. एका गावी शाळेच्या ओसरीवर टेबल मांडून आम्ही सकाळपासून तीन वाजेपर्यंत बसलो. एकही मुलगी आली नाही. बाईंनी पेटी स्वतः बांधली. परतीच्या वाटेवर मी चिडून काही बोलले, तर म्हणाल्या, "त्यांचं भय खरं आहे गं. तपासणीत दोष निघाला की मुलीचंच लग्न अडतं, मुलाचं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही पाठवली नसती." मला त्या वेळी ते पटले नाही.

माझ्याबद्दलचा तो पहिला प्रश्न मात्र बाईंनी सोडला नव्हता. मी का जगले? साधारण दहा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तो तपासण्याची सोय झाली. माझे रक्त होतेच. सुमनचेही होते, हे मला तेव्हा कळले. तिला पहिल्यांदा बाहेरचे रक्त भरण्याआधी बाईंनी काही थेंब जाड टिपकागदावर वाळवून पाकिटात ठेवले होते. वापरले असते तर कोणी विचारणारे नव्हते. पण बाई म्हणाल्या, "आईला विचारल्याशिवाय नाही," आणि पासष्टीच्या घरात आलेल्या बाई माझ्याबरोबर एसटीने आमच्या गावी आल्या.

वडील तेव्हा हयात नव्हते. आई दारात बाजरी निवडत होती. बाईंनी आपले येण्याचे कारण सांगितले. आईचे हात थांबले.

"तिचं रगत अजून हाय, व्हय, तुमच्यापाशी?"

बाईंनी पिशवीतून पाकीट काढले. कागदावर तपकिरी रंगाचे चार ठिपके होते. आईने हात पदराला पुसले आणि एका ठिपक्यावर बोट ठेवले.

"बघा काय बघायचं त्ये," आई म्हणाली. "पर एक मला ठिवा."

बाईंनी तिथेच कात्री मागून घेतली, एक ठिपका कापला आणि तिच्या हातात दिला.

चार महिन्यांनी निकाल आला. तो जमेल तसा सांगते. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते तयार करणारे जनुक जवळजवळ मिटते आणि मोठेपणीचे जनुक काम हाती घेते. आम्हा दोघींचे मोठेपणीचे जनुक सारखेच बिघडलेले होते. पण माझ्यात बाळपणीचे जनुक पुरते मिटलेच नाही. ते अजूनही थोडे थोडे काम करते आणि त्यावर मी चालते. ते मिटवण्याचा हुकूम देणारी जागा त्या जनुकात नसते, भलतीकडे, दुसऱ्याच गुणसूत्रावर असते. तिथे माझ्यात एका अक्षराचा फरक निघाला. त्यामुळे हुकूम लेचापेचा पडला. तो फरक आईकडून आला होता. तिच्याकडे त्याची एकच प्रत, म्हणजे प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मला मिळाला. सुमनला मिळाला नाही. बाईंनी मला बजावले, "सगळं एवढ्यानंच झालं असं कुठे लिहू नकोस. आणखीही कारणं असतील. पण मोठा वाटा याचाच दिसतो."

हे सांगायला बाई पुन्हा गावी आल्या. मी म्हटले होते, मी सांगते. त्या म्हणाल्या, "नाही. ते माझं काम आहे." सुमनच्या वेळी दिवस गेलेले असताना आई मेंढरांबरोबर कृष्णाकाठापर्यंत चालत गेली होती, त्या वर्षी तिची उपासमार झाली होती. तिने सारी वर्षे तेच कारण धरून ठेवले होते. त्या उपासमारीने पोर अशी जन्मली, हे तिने मला कधी सांगितले नव्हते. बाईंना सांगितले.

"नाही, पारूबाई," बाई म्हणाल्या. "तुमच्या चालण्यानं नाही, उपाशी राहण्यानं नाही. तुमचं काही चुकलं नाही."

"मंग कुनाचं चुकलं?"

"कुणाचंच नाही."

आई म्हणाली, "कुनाचंच न्हाई म्हंजी रागवायला बी कोन राहिलं न्हाई, बाई. येवढी वर्सं मी माझ्यावर तरी रागवत हुते."

मला वाटले, बाई आता काहीतरी समजुतीचे बोलतील. त्या बोलल्या नाहीत. आईच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि शेवटची गाडी लागायच्या वेळेपर्यंत बसून राहिल्या. गाडीत मी विचारले, "बाई, न सांगितलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "मीही तोच विचार करतेय." या प्रश्नाचे उत्तर बाईंना आजही सापडलेले नाही, आणि ते सापडल्याचा आव त्यांनी कधी आणला नाही.

दत्ताने पुढे नात्यातलीच दुसरी मुलगी केली, तपासणी न करता. त्यांना उशिरा मुलगी झाली. ती आज सहा वर्षांची आहे आणि दर महिन्याला मिरजेच्या त्याच वॉर्डात येते. तिच्यात माझ्यासारखा फरक आहे का, तेही आम्ही पाहिले. नाही. पहिल्यांदा तिला घेऊन आले तेव्हा मामांची मान वर होत नव्हती. बाईंनी मागचे अक्षरही काढले नाही. "लोह उतरवणाऱ्या गोळ्या निघाल्यात आता, रोज द्यायच्या. एक दिवस चुकवायचा नाही," एवढेच म्हणाल्या, आणि मुलीकडे वळून विचारले, "कुठला हात देतेस?" मामा भिंतीकडे तोंड करून रडले. मी नमुना घेऊन बाहेर आले, कारण माझ्या मनात जे आले ते फार वाईट होते. मी तुम्हाला सांगितले होते, असे मला ओरडावेसे वाटत होते. बाईंच्या मनात ते आले नसेल असे नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर मी ते पाहिले नाही.

बाईंना हल्ली कमी दिसते. सूक्ष्मदर्शकावर त्या आता बसत नाहीत, मी पाहते आणि त्यांना सांगते. सांगलीच्या घरी त्या एकट्या असतात. या गौरवाची बातमी घेऊन समितीची मंडळी गेली तेव्हा बाईंनी आपण गमावलेल्या मुलांची नावे एकामागून एक सांगितली आणि विचारले, यात गौरवण्यासारखे काय आहे. बाईंना मी इथे उत्तर देते आहे असे नाही. मला एवढेच ठाऊक आहे, की या दोन जिल्ह्यांत ज्या आयांना खोटा धीर मिळाला नाही त्यांना निदान बाईंची सोबत मिळाली.

हा लेख लिहिते आहे असे मी आईला सांगितले. ती आता सत्तरीची आहे. तिला म्हटले, बाईंना काय कळवू? ती म्हणाली, "लिव, म्हणावं, औषधपानी येळंवर घ्या, तब्येत संभाळा आन् लय वर्सं जगा. सुमनची आठवन काढणारी आता आपुन तिघीच उरलोय. तुमी गेलासा तर आमी दोघीच."

बाई, आईचे हे मागणे मी माझ्या शब्दांत सजवत नाही. तेवढे मान्य करा.