हाडाचं कलम

ट्रॉलीखाली सापडून बाबांची नडगी मोडली होती. आत रॉड घालून कित्येक महिने झाले, तरी हाडातली फट भरेना. आता त्या फटीत एक पदार्थ भरायचा, बोन ग्राफ्ट करायचं, असं वाशीमचे डॉक्टर म्हणाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. आहे, आणि हे सांगायला मी लाजत नाही. मी तिथल्या तिथं बाबांना मराठी करून दिलं, हाडाचं कलम करणार म्हणून.

रिसोडला घरी आल्यावर बाबा म्हणाले, ऑपरेशन नको. आई विनवत राहिली, मी चिडत राहिले. उशीर केला तर आतला रॉडही तुटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझं कशात लक्ष लागेना. घरात नुसत्या येरझाऱ्या.

शेवटी बाबाच बोलले. "जिंदगीभर लोकायच्या बगीच्यात संत्र्याच्या कलमा बांधल्या म्या. बांधलेल्या डोळ्याला कोंब फुटला की ज्या झाडावर बांधला, त्याचा खुंट वरून छाटून टाकतेत. म्हंजे माहा पाय छाटतीन."

मला हसू आलं नाही. माझ्याच शब्दानं घोळ घातला होता. मग मी खाटेशी बसून सांगितलं, की मिठाच्या खड्यांसारखे दाणे असतात, बारीक भोकांचे. ते तुमच्याच रक्तात कालवून फटीत भरतात. हाड त्या भोकांतून वाढतं, कारल्याचा वेल मांडवावर चढतो तसं. दाणे मग हळूहळू विरून जातात.

"मांडवच गेला त वेल पडन ना?"

"तवरी त्याचं खोड झालं राह्यते, बाबा."

पायाकडं बघून ते म्हणाले, "चाल मंग."

ऑपरेशन झालं. पण माझी धाकधूक काही गेली नाही. रोज पायाची सूज बघायची, रोज तेच विचारायचं, दुखतं का. काल नवा एक्स-रे काढला. दाण्यांच्या कडा पुसट झाल्यात, हाड आत शिरतंय, डॉक्टर म्हणाले. पण एकाच बाजूनं. दुसऱ्या बाजूचं आताच सांगता येत नाही.

परतीच्या जीपमध्ये प्रत्येक खड्ड्याला मी नडगीखाली हात धरत होते. ड्रायव्हरला दोनदा हळू घे म्हटलं. बाबा वैतागले.

"पाय माहा हाय, बाई. तू काहून धरून राह्यली?"

मी हात काढला नाही.