अक्काचा नंबर बंद केलेला नाही

माझी अक्का रक्त देऊन देऊन मेली नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे वाक्य मी पारावर, लग्नाच्या मांडवात, भेटेल त्याला सांगत आलोय. आज इथं लिहून ठेवतो.

उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. दिवेलागणीला शेतातून येताना अक्काची स्कूटी तिच्यावर आदळली.
एवढंच घडलं.

पण दारात बसलेली माणसं म्हणाली, बाई सारखी रक्त द्यायची, अंगात काय राहिलंय, चक्कर आली असणार.
शेवटचं रक्त देऊन तिला कितीतरी महिने उलटले होते. दिलेलं रक्त शरीर भरून काढतं, हे कुणाला ऐकायचंच नव्हतं.

अक्का माझी थोरली बहीण. सासर सोडून आली ती कुंडलजवळच्या आमच्या घरी कायमची राहिली. शेत तिनं सांभाळलं, आणि मलाही.

पहिल्यांदा इस्लामपूरच्या रक्तदान कॅम्पला गेली तेव्हा हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं. रांगेतला एकजण हसला. "मावशी, तुमी बिस्किट खावा आन् जावा घरला."
ती बिस्किट न घेताच आली.
मग डॉक्टरच्या गोळ्या, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे. पुढच्या कॅम्पला साडेबाराच्या वर आकडा दाखवूनच पलंगावर आडवी झाली.

मला तिनंच ओढत नेलं. आमचा दोघांचा ग्रुप एकच, ओ निगेटिव्ह.
मी सुईला भ्यायचो. ती म्हणाली, "देवाला रोज फुलं वाहतोस नव्हं? ती दुसऱ्याच्या दारातली. हे तुझं सोताचं हाय."

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. निवद ठेवला. कावळा शिवेना.
माणसं उन्हात ताटकळली. जो तो तिची राहिलेली इच्छा शोधायला लागला. शेत पडीक टाकणार नाही म्हणून सांग. म्हैस विकणार नाही म्हणून सांग.
मी हात जोडून सगळं कबूल केलं. कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि घरी आलो.

ओसरीवर टेकलो, तोवर अक्काचा फोन वाजला.

सांगलीची ब्लड बँक. "अक्का, येताय काय? बाळंतीण हाय, रक्तस्राव थांबेना. तुमच्या ग्रुपची एकच पिशवी होती, ती लावली."

मी सांगितलं, अक्का गेली.
पलीकडची मुलगी सॉरी म्हणून फोन ठेवायला लागली.
"ठेवू नका," मी म्हणालो. "माझा बी त्योच ग्रुप हाय. मी येतो."

तिनं विचारलं, शेवटचं कधी दिलं, जेवलाय का. उपाशी माणसाचं आम्ही घेत नाही म्हणाली.

आमचे चुलते, तात्या, उठून दारात उभे राहिले. त्यांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. सुतकात मी देवघरात दिवासुद्धा लावत नाही.

"सुतकातनं दान देत न्हाईत रं. आन् ते बी बाळंतिणीला? मेल्याच्या घरचं रक्त?"

सगळं अंगण माझ्याकडं बघत होतं.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणली होती. थोरांच्या आधी मी ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांसमोर जेवलो.

हात धुऊन म्हणालो, "आवं तात्या, सकाळपासनं समद्यांनी अक्काची इच्छा हुडकली. शेत झालं, म्हस झाली. ही कुणाच्या ध्यानात आली न्हाई."

तात्या दारातून बाजूला झाले.

ती बाई वाचली. नाव कळलं नाही, मी विचारलंही नाही.
देवानं जाब विचारला तर मी देईन. रोज त्याच्यासमोर बसतो. अजून त्यानं विचारलेलं नाही.

आज मारुतीच्या देवळासमोर कॅम्प आहे.
कुणाचा वाढदिवस नाही. फ्लेक्स नाही. भेट म्हणून हेल्मेट नाही, टिफिन नाही.

अक्का रक्त देऊन देऊन गेली असं ज्यांना अजून वाटतं, त्यांनी आधी यावं.
वय अठरा ते पासष्ट. वजन पंचेचाळीस किलोच्या वर. तब्येत बरी असावी. बीपीची गोळी चालू असली तरी या, डॉक्टर तपासून ठरवतील.
बायकांनो, तुम्हीही या. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, तर आत्ता नको. पुरुषांना तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, बायकांना चार.
परत पाठवलं तर लाजू नका. अक्कालाही पाठवलं होतं.
सुतक असलं तरी या.
जेवून या.

तात्यांचं वय बसत नाही. ते सकाळपासून मंडपाच्या तोंडाशी सतरंजी टाकून बसलेत. उपाशी आलेल्याला धरून आधी भाकरी खायला लावतायत.

अक्का, तुझा नंबर मी बंद केलेला नाही. फोन आला की मीच उचलतो.
"अक्का हाय काय?" म्हणून विचारतात.
मी म्हणतो, "हाय. कुठं यायचं सांगा."

तू आता नीज. तुला तुझ्या भावाचा मनापासून नमस्कार.