मोठ्या मालकांची प्रयोगशाळा

लातूरच्या ज्या कॉलेजात मी पीएच.डी. केली, तिथल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या पाटीवर आधी 'कैलासवासी' होतं, मग नाव, मग भूषवलेली पदं, आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत 'प्रयोगशाळा'. शेजारी तसबीर, तिला चंदनाचा हार. देणगी मुलानं दिली, नाव बापाचं लागलं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, त्यात नवल काही नाही. पंचाईत एवढीच की तसबिरीतले गृहस्थ मुरुडकडच्या आमच्याच गावचे मोठे मालक होते, आणि आमच्या अभ्यासाचा विषय होता खेड्यातल्या बौद्ध कुटुंबांनी सोसलेला अपमान.

माझ्या मार्गदर्शक सरांना मी आधीच सांगितलं होतं. आमच्याकडची माणसं या नावाखाली बसून बोलायची नाहीत, मुलाखती गावातल्या विहारात घेऊ. सर हसले. प्रश्नावली तीच, खोली शांत, वर पंखा आहे. नावानं काय फरक पडतो, म्हणाले. माणसाच्या मनावर कशाकशाचा परिणाम होतो हे शिकवण्याचा ज्यांनी उभी हयात पगार घेतला, ते हे म्हणाले. मला तेव्हा राग आला. आजही येतो.

आत्याला मीच बोलावलं. तिची आणि मालकांची एक गोष्ट आमच्या घरात लहानथोरांना पाठ होती. ती पोरवयात असताना खळ्यावर तहान लागली म्हणून तिनं त्यांच्या रांजणात तांब्या बुडवला. मालकांनी सगळ्यांदेखत रांजण फोडायला लावला आणि खापऱ्या माझ्या आजोबांना उपरण्यात बांधून गावाबाहेर टाकायला लावल्या. आजोबांनी ते उपरणं पुन्हा कधी खांद्यावर घेतलं नाही. आत्या ही गोष्ट न विचारता सांगायची. लग्नाच्या मांडवात सांगायची, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायची. एकदा तरी कुणी तिला रीतसर विचारावं आणि लिहून घ्यावं, एवढीच माझी इच्छा होती. तिचीही होती.

जयंतीला नेसायची पांढरी साडी नेसून ती एसटीनं आली. दाराशी तसबीर बघून थांबली. तिला अक्षर वाचता येत नाही, पण तो चेहरा ती कसा विसरेल? तिनं चपला काढल्या, वऱ्हांड्याच्या कडेला ठेवल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करून आत गेली. तिच्या लहानपणी मालकांच्या दारावरून जाताना आमच्या बायका चपला अशाच काढत.

नात्यातली म्हणून तिची मुलाखत दुसऱ्या संशोधक मुलीनं घेतली. मी प्लायवूडच्या आडभिंतीपलीकडे बसले होते. जातीवरून कधी अपमान झाला का, असा पहिलाच प्रश्न होता. आत्याचा आवाज मला ओळखू येईना, इतका तो गोड झाला होता.

"न्हाई माय. मोठे मालक लई देवमाणूस होते."

पुढच्या सगळ्या प्रश्नांनाही तिचं उत्तर तेच, कधीच नाही.

ती बाहेर आल्यावर मी भांडलेच. रांजणाचं काय झालं, विचारलं. चपलेत पाय घालत ती शांतपणे म्हणाली, "तू त्येंच्या नावाखाली शिकायलीस. तिथंच बसून मी त्येंचे वाभाडे काढू? तुझं शिक्षण मोडलं असतं ना."

माझ्या खोलीवर येऊन चहा घेताना तिनं सगळं पुन्हा सांगितलं, खापऱ्यांसकट. मी ते लिहून सरांकडे नेलं. प्रयोगशाळेबाहेरचं बोलणं शास्त्रात बसत नाही, म्हणाले. आमच्या गावच्या बाकीच्यांनीही आत्यासारखीच उत्तरं दिली होती, ती मात्र बसली. सरांच्या अहवालात एक वाक्य होतं: सहभागींचा प्रयोगशाळेवर गाढ विश्वास होता, अनेक जण चपला बाहेर काढून आत येत. ते वाक्य काढा म्हणून मी हात जोडले. उलट छापताना त्यांनी ते ठळक केलं.

आता मी नांदेडला शिकवते. गेल्या वर्षी मालकांच्या पुण्यतिथीला कॉलेजनं माजी विद्यार्थिनी म्हणून मला बोलावलं, शाल दिली. मालकांच्या मुलानं तो अहवाल माइकवर वाचला. आमच्या गावात कधी कुणाचा अपमान झाला नाही, हे आम्ही नाही, शास्त्र सांगतं, असं तो म्हणाला. गावाहून आणलेल्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या. माझ्या मांडीवर शाल होती, तिची मला किळस आली.

परतताना बसमध्ये आत्याचा फोन आला. कार्यक्रमाची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. कागदात आपलं बोलणं आहे, एवढंच तिला कळलं होतं.

"मी बोलले त्ये कामाला आलं का गं माय?"

"आलं," मी म्हणाले. कुणाच्या, ते तिनं विचारलं नाही.