कुंडलिकने बुजवलेलं भोक

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवर एका लॉन्ड्रीच्या ओट्याशी कुंडलिक इंगळे कुकर दुरुस्त करत बसतो. रिंगा, शिट्ट्या, मुठी आणि सेफ्टी वॉल्व्ह असा त्याचा सगळा संसार दोन पत्र्याच्या पेट्यांत मावतो. वय एकसष्ट. बोलणं मोजकं, पण एका बाबतीत तो इतका हट्टी की गिऱ्हाईक वैतागावं. शिट्टी ऐकल्याशिवाय कुकर परत द्यायचा नाही. कुणी घाईत असलं आणि "काका, द्या ना असाच" म्हणालं, तर तो सरळ सांगायचा, "असाच हवा असेल तर नेऊन भंगारात घाला." मग स्टोव्हवर पाणी घालून कुकर चढवायचा आणि शिट्टी होईपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. लोक हसायचे, पण कुकर त्याच्याकडेच आणायचे.

ह्या हट्टामागचं कारण त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायको लताच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची जुनी खूण आहे. लग्नाला वर्ष झालं होतं, तेव्हा त्यांचा कुकर फुटला आणि उकळती डाळ तिच्या हातावर आली. "कंपनीचा मालच खराब," असं कुंडलिकने तेव्हा सगळ्यांना सांगितलं आणि पुढे तेच घरात कायम झालं. त्यानंतर वर्षभरात लेथवरची नोकरी सोडून तो कुकरच्या कामात शिरला. बायकोच्या दुखण्यावरून नवऱ्याने धंदा निवडला, किती जीव लावतो बाई, असं चाळीतल्या बायका म्हणायच्या.

तर एका गुरुवारी सकाळी चष्मेवाली एक मुलगी कॉफीचं भांडं घेऊन आली. असलं भांडं कुंडलिकने आधी एकदाच पाहिलं होतं. खाली पाण्याचा डबा, मधे पावडरीची चाळणी, वर तोटीचं भांडं. खालचं पाणी उकळलं की वाफेच्या जोराने पावडरीतून वर चढतं आणि वरच्या भांड्यात कॉफी जमते. मुलीचे बाबा जहाजावर होते तेव्हा त्यांनी ते परदेशातून आणलेलं. आता ते घरीच असतात आणि रोज सकाळी गॅसच्या ओट्याशी खुर्ची टाकून कॉफी वर येताना बघत बसतात.

"सगळीकडून गळतंय हो काका," ती म्हणाली. "नवीन घेऊ म्हटलं तर बाबा ऐकत नाहीत."

"ठेवून जा. संध्याकाळी ने."

त्याने ते उघडलं. मधली रबरी रिंग वाळून कडक झाली होती, नखाने दाबली तर तुकडा पडला. वरच्या जाळीची निम्मी भोकं कॉफीच्या गाळाने बुजली होती. कुंडलिकला मनापासून आनंद झाला. रोजरोज तेच कुकर बघून माणूस कंटाळतोच. भुलेश्वरच्या व्यापाऱ्याकडून मागे हौसेने आणलेली जाळी त्याने पेटीच्या तळातून शोधून काढली, पांढऱ्या सिलिकॉनची रिंग मापाने कापली, तोटीच्या नळीत तार घालून ती साफ केली. खालच्या डब्याच्या अंगाला पितळेचं एक बारीक बोंड होतं. त्याच्या मधल्या भोकातून पाणी झिरपत होतं. कुंडलिकने ते घासलं आणि कथलाचा डाग देऊन भोक पक्कं बुजवून टाकलं.

आता इथे कुणीही म्हणेल, की एवढा जुना कारागीर, त्याला कळू नये? पण त्याचं सगळं शिक्षण कुकरवर झालेलं. कुकरचा सेफ्टी वॉल्व्ह झाकणावर असतो. झाकणाच्या खाली, पाण्याच्या बाजूला भोक दिसलं तर ते गळकं, असं अठ्ठावीस वर्षांची सवय सांगते. सवयीने माणसाचे हात चालतात आणि डोळे मिटतात. शिवाय भांड्याला शिट्टी नाही, मग ऐकायचं काय? त्याने पाणी उकळवून पाहिलं, ते नळीतून झकास वर आलं, आणि तेवढ्यावर तो खूश झाला.

संध्याकाळी मुलगी आली. त्याच्या पद्धतीप्रमाणे त्याने भांड्याच्या बुडावर खडूने लिहिलेलं आडनाव, इमारत आणि फ्लॅट नंबर ओल्या फडक्याने पुसून टाकले. तिने रोख पैसे दिले आणि खुशीत म्हणाली, "उद्या सकाळी बाबांना दाखवते. मी पावडर दाबून दाबून भरते, त्यांना कडकच लागते."

साडेसातला जेवताना त्याने मुलगी शीतलला मोबाइलवर भांड्याचा फोटो दाखवला. शीतल पवईला ऑफिसात काम करते, असल्या वस्तू तिला माहीत.

"पप्पा, हे बाजूचं बोंड असं का दिसतंय?"

"गळत होतं. बुजवलं."

शीतलने घास ताटात ठेवला. "अहो, तो वॉल्व्ह आहे! वर कॉफी अडकली तर वाफ तिथून जाते. बुजवलंत म्हणजे... वाट लागली ना पप्पा."

कुंडलिक उठला. हातही धुतला नाही. शेजारी बसलेल्या लताचा हात भाकरी मोडत होता, आणि त्याला त्या हाताकडे बघवेना. खाई त्याला खवखवे. तो तसाच अनवाणी जिना उतरून रस्त्याला लागला.

त्या चष्मेवालीची इमारत शरयू हाइट्स, एवढं खडूच्या अक्षरांतलं त्याला आठवत होतं. आडनाव आठवेना, नंबर आठवेना. कुकर त्याच्या ध्यानात राहतात, माणसं नाहीत. गेटवरचा वॉचमन चंद्रप्रकाश ओळखीचा होता, तरी म्हणाला, "फ्लॅट नंबर बोलो चाचा, ऐसे कैसे छोडूं?" शेवटी वॉचमननेच इंटरकॉमवरून सेक्रेटरी देवव्रत साठ्यांना खाली बोलावलं.

"तीन विंग आहेत, एकशेऐंशी फ्लॅट, निम्मे भाड्याचे," साठ्ये म्हणाले. "चष्मेवाली मुलगी म्हणजे मी कोण समजू? थांब, सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. कॉफीचं भांडं दुरुस्तीला दिलं होतं त्यांनी कुंडलिकला भेटावं, असं लिहू?"

ही सुटायची वाट होती आणि कुंडलिकला ती दिसली. ह्या एका इमारतीवर त्याचं निम्मं घर चालतं. साठ्यांनी लिहिलं तेवढंच जाऊ दिलं असतं, तर नाव राहिलं असतं. पण असला निरोप वाचून घाई कोण करतं? उद्या कॉफी पिऊन भेटू, असं म्हणेल ती. आणि बाप ओट्याशी खुर्ची टाकून बसलेला असेल.

"नाही साहेब. असं लिहा, कुकरवाल्या कुंडलिकने कॉफीच्या भांड्याचा सेफ्टी वॉल्व्ह चुकून बंद केला. ते फुटू शकतं. गॅसवर ठेवू नका."

साठ्ये बोटं थांबवून बघत राहिले. "सगळे वाचतील रे."

"वाचू द्या."

सात मिनिटांत मुलगी लिफ्टमधून बाहेर आली, हातात भांडं. सकाळसाठी तिने पाणी आणि पावडर आत्ताच भरून ठेवली होती. कुंडलिकने ते हातात घेतलं. "काका, तुमच्या भरवशावर दिलं होतं," एवढंच ती म्हणाली. नवा वॉल्व्ह मिळेपर्यंत भांडं आपल्याकडेच ठेवतो असं सांगून तो निघाला.

दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी रांग लागली, पण कामाची नव्हे. "आमच्यात पण काही बुजवलंय का हो?" सगळ्यांचा एकच प्रश्न. नाही म्हणायला त्याची जीभ उचलेना. कॉफीच्या भांड्याबद्दल आदल्या संध्याकाळी विचारलं असतं, तर तेव्हाही तो छातीठोक नाहीच म्हणाला असता. त्याने एकेक कुकर उघडला, वॉल्व्ह उजेडात धरून दाखवला, पाणी घालून चढवला आणि शिट्टी ऐकवली. कुणाकडून पैसे घेतले नाहीत. दोन बायका दुरुस्तीला दिलेले कुकर तसेच उचलून घेऊन गेल्या.

संध्याकाळी घरी आला तेव्हा शीतल अजून आली नव्हती. लता पीठ मळत होती. चाळीत बातमी पोचली होती, पण लताला नवऱ्याचा अभिमानच वाटत होता. "बरं केलं सांगितलंत," ती म्हणाली. "नाहीतर त्या म्हाताऱ्याचं माझ्यासारखं झालं असतं."

कुंडलिक उंबऱ्यावरच बसला.

"लता, आपला कुकर कंपनीमुळे नाही फुटला."

तिचे हात पिठातच थांबले.

"वॉल्व्हमधून वाफ जात होती. डाळ शिजत नाही म्हणून तू कुरकुर करत होतीस. मी लेथच्या दुकानात नेऊन डाग दिला. तुला दवाखान्यात टाकलं आणि घरी येऊन झाकण खाडीत फेकलं."

बोलून झाल्यावर आपल्याला हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. लताने डाव्या हाताला चिकटलेलं पीठ उजव्या हाताने हळूहळू पुसलं, मनगटापासून कोपरापर्यंत, जिथे पीठ लागलंच नव्हतं तिथपर्यंत.

"त्या पोरीला सांगायला काल पायात चप्पल घालायला थांबला नाहीत," ती म्हणाली. "मला सांगायला एकोणतीस वर्षं लागली."

मग तिने गॅस पेटवला आणि डाळीचा कुकर चढवला. शिट्टी झाली, तेव्हा ती दचकली. ती दर वेळी दचकते, हे कुंडलिकने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.