सहा व्होल्टचा उजेड

लग्न ठरताना मी भांडले नाही, शेताच्या वाटणीत भांडले नाही, पण गाडीच्या दिव्यांवरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. आजही कुणी हे ऐकलं तर हसतं. हसू देत.

गाडी आजोबांची. निजामाचं राज्य गेल्यावर हैदराबादच्या एका पडत्या घरातून त्यांनी ती विलायती मोटार आणली, आणि पुढे ती माझ्या वडिलांनी, अण्णांनी चालवली. मग जीप आली, ट्रॅक्टर आला, आणि मोटार उमापूरच्या शेतात, कापूस ठेवायच्या पत्र्याच्या शेडात जी उभी राहिली ती राहिलीच. मागच्या सीटवर कोंबड्यांच्या कित्येक पिढ्या उबवून निघाल्या.

ती पुन्हा चालू करायचं खूळ माझं नव्हतं, अण्णांचं होतं. त्यांना काचबिंदू झाला. डावा डोळा कळायच्या आधीच गेला, उजव्यात थोडी फट उरली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तीही मिटणार, थेंब घालून फक्त लांबवता येईल. गेवराईहून गावाकडे येताना हे त्यांना कसं सांगावं याचाच मी विचार करत होते. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या पांढऱ्या दिव्यांपुढे अण्णा डोळ्यांवर हात धरत होते.

"मला कळलंय," तेच म्हणाले. "तू रडू नको. आपल्या गाडीचे दिवे तेवढे एकदा लावून दाव. मग गेला डोळा तर जाऊ दे."

मी परळीच्या वीज केंद्रात नोकरीला आहे. घरी आल्यावर माय म्हणाली, "मुलखाला उजेड पुरवती अन् बापाच्या गाडीत अंधार. दिव्याखाली अंधार म्हणत्यात ते हेच." मायची थट्टा अशीच असते, हळू लागते पण खोल जाते. मी त्याच आठवड्यात रजा टाकली.

ते दिवे अण्णांनाच का, मलाही हवे होते. मी लहान असताना दसरा झाला की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जायला निघायची. ट्रक संध्याकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या रानात लागायचे आणि नेमकी तेव्हाच गावातली वीज गेलेली असायची. मग अण्णा मोटार नेऊन ट्रकांच्या समोर उभी करायचे आणि दिवे लावायचे. त्या पिवळ्या उजेडात पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, बांधलेल्या कोंबड्या, झोपेला आलेली लेकरं वर चढायची. पण आधी एक गोष्ट व्हायची. दिवे लागले की हातातलं ओझं खाली ठेवून सगळे हात जोडायचे. दिवेलागणीची वेळ, लागलेला पहिला दिवा, मग तो देवळीतला असो की मोटारीचा. अण्णाही स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून जोडायचे.

"अण्णा, मोटारीला कावून नमस्कार?" मी एकदा विचारलं होतं.

"मोटारीला न्हाई बाई. उजेडाला."

थंडी पडायला लागलेली असायची. जायला निघालेल्या घरांतली पोरं दिव्यांच्या काचांवर तळहात चिकटवून उभी राहायची. अण्णा ओरडायचे, "काच फुटंल रे," पण हाकलायचे नाहीत. त्यांतली काही माझ्याच वर्गातली होती. दिवाळीनंतर शाळेत त्यांच्या जागा रिकाम्या असायच्या, आणि मला ते तेव्हाही बरं वाटायचं नाही.

इंजिन गेवराईच्या मिस्त्रीनं उघडलं. वायरिंग मी घेतलं, कारण ते दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला माझा जीव होईना. उंदरांनी सुती वेष्टणाच्या तारा कुरतडून भुगा केला होता. दिव्यांच्या आतले रिफ्लेक्टर काळे पडले होते. डायनामो मात्र धड होता, डॅशबोर्डवरचं पितळी बटणही धड होतं. ते फिरवलं की 'टक्' असा आवाज यायचा, आणि नुसत्या आवाजानंच अण्णा मान वर करायचे. ते दिवसभर शेडात बाज टाकून बसायचे. माय तिथंच जेवण आणून द्यायची.

भावाचं म्हणणं वेगळं होतं. तो माझ्याहून धाकटा, शेत तोच बघतो. तो म्हणाला, "आक्का, सहा व्होल्टचे दिवे म्हंजे निव्वळ चिमण्या. अण्णाला आधीच कमी दिसतंय. सरळ बारा व्होल्ट करू, एलईडी बसवू. लख्ख पडंल. बॅटरी खात न्हाई, गरम बी होत न्हाई."

"मग तुझ्या ट्रॅक्टरचेच दाव की त्यांना. ते काय आपल्या गाडीचे दिवे झाले?"

"तुला दिवे पायजेत का अण्णाला दिसायला पायजे?"

मी आवाज चढवला. उत्तर नसलं की आवाज चढतो, ही आमच्या घराण्याचीच रीत आहे. तो चुकीचं बोलत नव्हता. ज्याला कमी दिसतं त्याला जास्त उजेड दाखवावा, हा साधा हिशेब होता त्याचा, आणि त्यात माया होती. मला तेव्हा फक्त हट्ट दिसला.

वायरिंग पुरं झालं. जुनेच दोन बल्ब काचा पुसून, तपासून बसवले. सहा व्होल्टची बॅटरी तेवढी यायची होती. मी ड्यूटीसाठी परळीला परतले.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. माझ्यामागे टर्बाइन घोंघावत होतं, त्यामुळे तो काय सांगतोय ते मला दोनदा विचारावं लागलं. अण्णा सकाळपासून विचारत होते, बॅटरी आली का, बॅटरी आली का. त्याला ते बघवेना. शेतात कुठंही काही अडलं की ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावायची, हे आमच्याकडे शेंबडं पोरही करतं. मोटरला, फवाऱ्याला, लग्नातल्या कर्ण्याला. तसंच त्यानं केलं. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची. दिवे एकदम पांढरेफटक पेटले आणि दोन्ही बल्ब जळाले.

"अण्णा काय म्हणाले?"

"एवढा उजेड आपल्या गाडीचा कव्हा हुता, म्हणाले. अन् मग म्हणाले, गेला का रे?"

त्यानंतर मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिणार नाही. मी फोन ठेवला आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

तसले बल्ब बीडमध्ये नव्हते, जालन्यात नव्हते. शेवटी परळीहून रेल्वेनं हैदराबादला गेले, जिथून गाडी आली होती तिथेच. जुन्या मोटारींच्या सामानाच्या एका अंधाऱ्या दुकानात म्हातारा दुकानदार म्हणाला, "बारा वोल्ट के ले लो, अम्मा. इसकू अब कौन पूछता?"

"मेरे बाप पूछते," मी म्हणाले.

गोदामात शोधायला लागेल, गणपतीनंतर या, म्हणाला. मी गणपतीनंतर गेले. त्यानं उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन बल्ब माझ्या हातात ठेवले, आणि परतीच्या गाडीत ते मी मांडीवरून खाली ठेवले नाहीत.

उमापूरला पोचले तेव्हा अण्णा शेडात त्यांच्या नेहमीच्या बाजेवर होते. मी कागद उलगडून बल्ब त्यांच्यासमोर धरला. "अण्णा, बघा, मिळाले."

त्यांनी हात पुढे केला. तो माझ्या हातापासून वीतभर बाजूला गेला आणि तिथेच हवेत चाचपत राहिला.

मला सगळं कळलं. "कव्हापासून?"

"झाले की लई दिवस."

"सांगितलं कावून न्हाई मला?"

"सांगून काय व्हणार हुतं? तू बल्बासाठी हिंडत हुतीस. सांगितलं असतं तर हिंडणं सोडलं असतंस."

मी गाडीच्या पायरीवर बसून रडले. माय आली, पाठीवर हात फिरवत राहिली. मी म्हणाले, आता हे बसवायचे कुणासाठी? तेव्हा शेडाच्या दारात उभा असलेला भाऊ पुढे आला. कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी बोलत होता. "बसव, आक्का," तो म्हणाला. "मी बॅटरी धरतो." त्यानं टॉर्च धरला आणि मी बल्ब बसवले. वाकून बघताना त्याच्या डोक्याची सावली सारखी बल्बावर पडत होती. मी त्याला रागावले नाही.

सहा व्होल्टची बॅटरी मधल्या काळात आलीच होती; दिवे लावायचे ते खंडेनवमीला, असं मायनं ठरवलं. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची, गाड्यांची पूजा होते. ट्रॅक्टरला, जीपला आणि मोटारीला झेंडूचे हार घातले. मिस्त्रीनं इंजिन चालू करून गाडी शेडाबाहेर काढली, तुरीच्या रानाकडे तोंड करून उभी केली आणि बंद केली. दिवस मावळला. अण्णांना आम्ही समोर उभं केलं होतं, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी.

मी बटण फिरवलं. टक्.

दिवे लागले. तोच पिवळा, मंद उजेड, तुरीच्या पहिल्या दोन-तीन ओळींपर्यंत पोचणारा. मायनं हात जोडले. भावानं जोडले. अण्णांनी आवाज ऐकला होता, त्यांनीही जोडले, पण मधल्या वेळात ते जरासे वळले होते, त्यामुळे त्यांचा नमस्कार विहिरीकडे गेला. भावानं जाऊन त्यांचे खांदे धरले आणि हळूच गाडीकडे फिरवलं.

"लागले?"

"लागले, अण्णा."

"पिवळेच हायत नव्हं?"

"पिवळेच हायत."

अण्णा पुढे आले. बॉनेट चाचपत दिव्यापाशी पोचले आणि दोन्ही तळहात काचेवर ठेवले, ती पोरं ठेवायची तसे. आम्हाला वाटलं, हातांनी ओळख पटवून घेतायत. पण ते थांबून राहिले. काच तापायला वेळ लागतो. ती तापल्यावर त्यांनी हात उचलले आणि आरती घेतात तसे आपल्या दोन्ही डोळ्यांवरून फिरवले.

माय पदर तोंडाला लावून बाजूला झाली. इंजिन बंद म्हणून डायनामोही बंद, बॅटरी उतरत होती, डॅशबोर्डवरचा काटा डावीकडे झुकलेला मला दिसत होता. मी बटणाला हात लावला नाही.

अण्णांनी पुन्हा तळहात काचेवर ठेवले. या वेळी जास्तच वेळ ठेवले.

"पोरगं कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

भाऊ त्यांच्या मागेच होता, मान खाली घालून. "हितंच हाय," म्हणाला.

देवळात आरतीला जे पोचले नाहीत, त्यांच्यासाठी माणसं ती अशीच हातावर घेऊन येतात. अण्णा वळले, त्याचा चेहरा चाचपून शोधला आणि ते तापलेले तळहात त्याच्या दोन्ही गालांवर ठेवले. बल्ब जळाल्या दिवसापासून माझा भाऊ रडला नव्हता. तो तिथे रडला.