विरामांसकट

“शेवटचं पान हातात आलं की माझी बोटं गार पडतात,” ती एकदा म्हणाली होती.

छापखान्यात तिचं काम वाचण्याचं. समोर बसलेली जोडीदारीण प्रुफावर नजर ठेवी आणि ही मूळ प्रत मोठ्याने वाची, विरामांसकट: “अवतरण सुरू, थांब, उद्गारचिन्ह, अवतरण संपलं.” बावीस वर्षांत ती सवय जिभेत मुरली. घरी धाकट्या भावालाही ती तसंच वाचून दाखवी. डोक्यातल्या गाठीने त्याची नजर नेली होती. “ताई, तुला बघायला आले तेव्हा होकाराच्या जागी तू अर्धविराम दिला असशील,” तो चिडवायचा.

दोघांना वेड एकाच मालिकेचं. चित्रांच्या पातळ कादंबऱ्या, अकरा भाग. एक मुलगी दिवा घेऊन सात तळांची विहीर उतरते, खाली अडकलेल्या भावाला वर आणायला. अकरावा भाग सातव्या तळावरच्या दाराच्या कडीवर हात ठेवून संपला होता. वाचक वर्षभर खोळंबले होते.

भावाचं ऑपरेशन बुधवारी ठरलं. “ती भावाला घेऊन वर आली की मी खुशाल टेबलावर झोपेन. त्याआधी नाही,” त्याने बजावलं. म्हणाला हसतच, पण संमतीच्या कागदावर अंगठा उठवला नाही. आणि डॉक्टर म्हणत होते, आता एक दिवसही लांबवू नका.

सोमवारी बाराव्या भागाचं प्रूफ आलं. ती वाचत गेली. कडी उघडलीच नाही. मुलगी अंथरुणात जागी झाली. विहीर नव्हती, आणि भाऊ तर तिला कधी नव्हताच.

“एवढंच?” जोडीदारीण म्हणाली. “अकरा भाग पायपीट करवली आणि उंबऱ्यावरून परत पाठवलं!”

हिच्या तोंडून पूर्णविराम फुटेना.

संध्याकाळी पानं पिशवीत लपवून ती घरी आली. भाऊ तक्क्याला टेकून तयारच होता. न्हाव्याने सकाळी डोकं भादरल्यापासून तो फार लहान दिसत होता.

दारापर्यंत तिने वाचलं. मग नजर कागदावरून उचलली आणि कडी स्वतःच काढली. आत मुलीचा भाऊ भिंतीपाशी बसला होता. तिने दिवा त्याच्या तोंडाशी नेला. तो म्हणाला, किती उशीर केलास. दोघं पायऱ्या चढू लागली. सांगायला सुरुवात केल्यावर आता थांबायची सोय नव्हती.

“ताई.”

“काय रे?”

“स्वल्पविराम कुठे गेले?”

पानं तिच्या मांडीवरून घसरली.

“दारापर्यंत होते. पुढे एकही नाही. कागदावर काय आहे ते वाच.”

तिने वाचलं. सगळ्या विरामांसकट.

तो हसला. “भिकार आहे गं! पण चाललं असतं मला. चार शिव्या घातल्या असत्या आणि टेबलावर गेलो असतो.” मग हसू विरलं. चाचपडत त्याने तिचं मनगट पकडलं. “परवा माझा रिपोर्ट वाचलास. त्यात विराम होते का? मला आठवेना.”

रिपोर्टातली एक ओळ तिने गाळली होती. ऑपरेशनमधून तो जगण्याची शक्यता किती, ते सांगणारी.

“बाहेरच्या कपाटात आहे ना तो? घेऊन ये. पहिल्यापासून वाच. मग अंगठ्याचं बघू.”

तिने मनगट सोडवून घेतलं, खाली पडलेली पानं गोळा करून त्याच्या उशाशी ठेवली आणि रिपोर्ट आणायला खोलीबाहेर गेली.